खोटा पेला

दात दुखत नसताना दाताच्या डॉक्टरांच्या तावडीत सापडायची थोरल्यांची ही पहिलीच वेळ. गाडी डॉक्टरांची होती, पण चालवत होता सोडा. सोडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात असताना बाकीचे प्यायला बसले की हा गडी सोड्याची बाटली घेऊन शेजारी बसायचा, तेव्हापासून चाळीस वर्षं तो सोडाच. आज मात्र त्याचा भाव वधारला होता. एका दिवसात तीन वायनऱ्या बघायच्या, तिन्हीकडे चाखायचं, म्हणजे शुद्धीवर राहणारा एक तरी माणूस गाडीत हवाच की.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात दवाखाना बंद केला, त्याची ही सहल. मागच्या सीटवर थोरल्यांच्या शेजारी मास्तर बसले होते. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे त्यांचा फोनवरच्या रस्त्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी मांडीवर कागदी नकाशा पसरला होता आणि त्याचं एक टोक दर वळणाला थोरल्यांच्या नाकात जात होतं.

"दवाखाना बंद केलास खरा," थोरले नकाशा बाजूला सारत म्हणाले, "पण आमच्या हिच्या दाढेचं काय? चार वर्षं दर महिन्याला येतेय तुझ्याकडे. आज तरी बहिणीकडे गेलीय म्हणून बरं."

पुढे बसलेल्या डॉक्टरांना अचानक ठसका लागला. सोड्याने त्यांच्या पाठीवर एक थाप मारली, ती जरा जोरातच बसली.

"ठिकाणं ऐका," मास्तरांनी घाईघाईने विषय बदलला. "पहिलं ते नवीन, काचेचं. दुसरं नदीकाठच्या बुवांचं. आणि तिसरं, तिसरं म्हणजे डोंगरउतारावरचं."

"डोंगरउतारावर कोण आहे?" थोरल्यांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

सोड्याने समोरच्या आरशातून मागे पाहिलं. "नकटी आहे. तुला उतरायचं असलं तर आत्ताच सांग. पुढे चढ आहे, तिथे मी गाडी थांबवणार नाही."

थोरले उतरले नाहीत. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "ऊन फार आहे आज."

नकटी म्हणजे थोरल्यांची एकुलती एक लेक. नाक बसकं म्हणून तिच्या आजोबांनी लाडाने ठेवलेलं नाव. पण त्या बसक्या नाकाला जे कळायचं, ते घरातल्या कुणाच्या सरळ नाकाला कळत नसे. आजोबांनी उभं केलेलं वाइनचं तळघर पुढे दोघा भावांकडे आलं. थोरले चव बघत, धाकटे कागद बघत. धाकट्यांना वाइन आणि व्हिनेगर यातला फरक बाटलीवरच्या चिठ्ठीवरून कळे, हे ते स्वतःच हसत सांगत. त्यामुळे थोरल्यांनंतर तळघर नकटीचंच, यात कुणाला शंका नव्हती. पाच वर्षांपूर्वी तिने डोंगरउतारावरची खडकाळ जमीन घेतली आणि इथे मी माझ्या पद्धतीने पांढरी वाइन करणार म्हणाली, तेव्हा थोरल्यांचं डोकं फिरलं. तिथे दगड पिकतील, ते म्हणाले. दगड तर दगड, ती म्हणाली. दोघांचा स्वभाव एकाच लाकडाचा. वाकायला कुणीच तयार नाही. धाकट्यांनी मध्ये पडून तिला वाटणी म्हणून बारा लाकडी पिंपं द्यायची ठरवली. "डाव्या भिंतीची ने," थोरले तिच्याकडे न बघता म्हणाले होते.

आणि आता ती गोष्ट, जी या तिघा दोस्तांना ठाऊक नव्हती, बायकोला नव्हती, धाकट्यांनाही नव्हती.

घरची रीत अशी, की पिंप चाखून झालं की त्यावर खडूने खूण करायची. गोल म्हणजे चांगलं. फुली म्हणजे त्या पिंपातला माल एकदा आंबला, लाकूड व्हिनेगर प्यायलं. आता त्यात वाइन भरायची नाही, भरली की तीही आंबणार. डाव्या भिंतीच्या बारांपैकी तीन पिंपांवर फुली होती. नकटी पिंपं न्यायला आली त्या सकाळी, ती यायच्या आधी तासभर, थोरल्यांनी ओलं गोणपाट घेतलं आणि त्या तिन्ही फुल्या पुसल्या.

पुसताना त्यांना फक्त राग आला होता. राग संध्याकाळपर्यंत उतरला. मग फोन करून सांगायचं त्यांनी ठरवलं, आणि लाज आडवी आली. उद्या सांगू म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत त्यांनी कुठलंही पिंप उघडलं, की आधी तीच तीन पिंपं डोळ्यांपुढे उभी राहत.

काचेच्या वायनरीत सगळं इतकं स्वच्छ होतं की थोरल्यांना तिथे हात कुठे ठेवावा कळेना. माहिती सांगणारी मुलगी गोड होती, पाठ केलेलं धडाधड म्हणत होती.

"या वाइनमध्ये तुम्हाला मध, जर्दाळू आणि ओल्या दगडाचा गंध जाणवेल."

"ओल्या दगडाचा?" मास्तरांनी पेल्यात नाक घातलं. "कुठला दगड? अग्निजन्य का गाळाचा?"

मुलगी गडबडली. डॉक्टर मास्तरांना कोपराने ढोसू लागले. थोरल्यांनी तिची सुटका केली. "छान आहे. थोडी गार जास्त आहे, जरा कोमट होऊ दे, मग जर्दाळू दिसेल." मुलीने कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं. मग पिंपांच्या ओळीतून जाताना थोरल्यांनी सवयीने एका पिंपावर बोटाचं पेर टकटक वाजवलं आणि म्हणाले, "हे रिकामं आहे." ती म्हणाली, नाही हो, भरलेलं आहे. मॅनेजरला बोलावलं. पिंप खरंच रिकामं निघालं. नुसतं बघायला ठेवलं होतं. त्यानंतर चौघांना तिथे फार आग्रह झाला नाही.

"तुला कुठे न्यायची सोय नाही," गाडीत बसताना सोडा म्हणाला.

डॉक्टर आणि मास्तर दोन-दोन पेल्यांनी खुशीत आले होते. थोरल्यांनी मात्र प्रत्येक घोट बादलीत थुंकला होता. तिसऱ्या ठिकाणी नाक ताळ्यावर हवं होतं.

नदीकाठचे बुवा हे जुन्या पिढीतले. थोरल्यांच्या वडिलांशी त्यांनी भांडणं केली होती, आता तीच भांडणं आठवून गहिवरत. त्यांनी झाडाखाली खुर्च्या टाकल्या, स्वतः बूच काढलं.

"पुढे कुठे?" त्यांनी विचारलं.

"डोंगरउतारावर," डॉक्टर म्हणाले.

"नकटीकडे? अरे वा, म्हणजे मिटलं म्हणायचं!" बुवांनी थोरल्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं केलंस. पोर जिद्दीची आहे. पहिल्या वर्षी बिचारीने केवढा माल मोरीत ओतला. माझा माणूस गेला होता तिकडे, तो सांगत होता, सगळ्या ओढ्याला वास येत होता."

थोरल्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. "मोरीत ओतला? कशाने?"

"आंबला असेल. नवीन माणसाचं व्हायचंच तसं."

"किती?"

"आता मला काय ठाऊक! तुझी पोरगी, तू विचार की."

थोरल्यांनी पेला खाली ठेवला. तीन पिंपं म्हणजे पहिल्या वर्षाचा चौथा हिस्सा. पहिलं वर्ष, अंगावर नवीन जमीन, पाठीशी कुणी नाही, आणि पिंपं उघडल्यावर तिला तो वास आला असेल. तिने कुणाला हाक मारली असेल? बापाला तर नाहीच. त्यांना वाटलं, सोड्याला सांगावं, बाबा रे, गाडी घरी घे. पण घरी जाऊन करणार काय? पाच वर्षं घरीच तर होते.

"चला," ते उठले. "उशीर नको."

"अरे, माझी लाल राहिली चाखायची!" बुवा म्हणाले.

"परत येतो," थोरले म्हणाले आणि सरळ गाडीत जाऊन बसले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पळून जाणाऱ्या माणसाची घाई त्यांना ठाऊक होती; ही उलट दिशेची घाई त्यांनी थोरल्यांकडून आजवर पाहिली नव्हती.

नकटीची वायनरी म्हणजे डोंगराला पाठ लावून उभी असलेली एक बसकी दगडी इमारत, पुढे फरशीचं अंगण, अंगणात लांब टेबल. फाटकात ती उभी होती. केस तिने कापून टाकले होते. हातावर द्राक्षाच्या रसाचे डाग, तेच तसेच.

"या," ती म्हणाली. वाक्य एवढंच. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "उशीर केलात काका. आई मघापासून दहा वेळा रस्त्यावर जाऊन आली."

"आई?" थोरले म्हणाले.

टेबलाशी पाव कापत त्यांची बायको बसली होती. शेजारी बाह्या सरसावून, एका हातात उकडलेलं अंडं धरून धाकटे. अंडं तोंडात घालावं की लपवावं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"तू बहिणीकडे गेली होतीस ना?" थोरल्यांनी विचारलं.

"नाही गेले," बायको शांतपणे म्हणाली आणि पाव कापत राहिली.

"आणि दाढ?"

"माझ्या दाढेला काय धाड भरलीय?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "हे बघ, आज सांगूनच टाकतो. तुझ्या बायकोचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत आहेत. चार वर्षांत मी एकदाही तिच्या तोंडात डोकावलेलो नाही. ती दर महिन्याला माझ्या दवाखान्यात यायची, मागच्या दाराने निघायची आणि सोडा तिला इथे आणून सोडायचा."

"सोडा!"

"मला बघू नकोस," सोडा म्हणाला, "मी फक्त गाडी चालवतो."

थोरले भावाकडे वळले. "आणि तू? त्या दिवशी तू माझ्या बाजूने होतास. तूच म्हणाला होतास ना, जाऊ दे तिला, चार दिवसांत डोकं ठिकाणावर येईल?"

"आलं नाही ना पण चार दिवसांत," धाकटे म्हणाले. "मग मी म्हटलं, बघून तर यावं. दादा, आपलं ते जुनं दाबाचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं ना, दर मोसमात पंधरा दिवस जायचं..."

"इथे?"

"दुरुस्तही व्हायचं इथे," धाकटे घाईने म्हणाले. "नकटीने त्याचा स्क्रू बदलला. तुम्हीच म्हणालात, हल्ली छान चालतंय म्हणून."

मास्तर नकाशाची घडी घालण्यात गढून गेले होते. म्हणजे तेही सामील. पाच वर्षं ज्या घरात आपण रुसून बसलो, त्या घरातलं एकेक माणूस मागच्या दाराने इथे येऊन जेवून जात होतं, आणि पुढच्या दारात राखण करत आपण एकटेच. थोरल्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी हललं. पोरगी एकटी नव्हती तर. कुणीतरी होतं तिच्याजवळ.

पण तीन पिंपं होतीच.

"बसा," नकटी म्हणाली. टेबलाच्या एका बाजूला खुर्च्या होत्या, दुसऱ्या बाजूला एक लाकडी बाक. बाक रिकामं होतं, सगळ्यांनी मुद्दाम ठेवल्यासारखं. थोरले त्यावर बसले. लाकूड उन्हाने चांगलं तापलं होतं.

नकटीने त्यांच्यापुढे पेले मांडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सात पेले एका ओळीत. सगळ्यांत पांढरी वाइन, थोडी थोडी.

बघताक्षणीच थोरल्यांना कळलं. हा आजोबांचा खेळ. द्राक्षं खुडून झाली की त्या संध्याकाळी आजोबा टेबलावर सात पेले मांडायचे. सहांत चांगली वाइन, एकात बिघडलेली. खोटा पेला ओळखायचा. जो चुकेल त्याने मोसमभराची यंत्रं धुवायची. थोरले यातच वाढले, धाकट्यांनी दर वर्षी यंत्रं धुतली, आणि नकटीने सातव्या वर्षी, एकही घोट न घेता, नुसत्या वासावर खोटा पेला बाजूला काढून आजोबांना खुर्चीतून उभं केलं होतं.

"तुम्हाला आज चाखायचंच आहे ना," ती म्हणाली. "चाखा मग."

"चुकलात तर यंत्रं मी धुणार नाही," धाकटे म्हणाले.

कुणी हसलं, कुणी नाही. बायकोने सुरी खाली ठेवली होती.

थोरल्यांनी पहिला पेला उचलला. वास घेतला. स्वच्छ. मागे कुठेतरी आंबूस. पेला ठेवला. दुसरा. स्वच्छ, आणि पुन्हा तेच, अगदी पुसटसं, आंबूस. तिसऱ्यात तेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. सगळ्याच आंबल्यात? सातही? त्या तीन पिंपांनी मिळून बाकीच्यांनाही नासवलं? की हे नाकच गेलं आपलं, पाच वर्षं एकच वास मनात धरून बसल्यामुळे? त्यांनी चौथा घेतला, एक घोट तोंडात घोळवला. आणि तोंडात काही वेगळंच घडलं. वाइन ताठ होती, निथळ होती, आधी जराशी कडक आणि मग जाता जाता गोडसर, आणि त्या खडकाळ उतारावरचं काहीतरी तिच्यात होतं ज्याला थोरल्यांकडे शब्द नव्हता. आंबटपणाचा मागमूस नाही. पाचवा प्यायले. सहावा. सातवा. त्यांना थुंकायची आठवण राहिली नाही.

मग त्यांनी पेला दूर ठेवला आणि नुसतीच मान खाली घालून श्वास घेतला. आंबूस वास होताच. पण तो पुढून येत नव्हता, खालून येत होता.

"पेले सातही खरे आहेत," थोरले सावकाश म्हणाले. "खोटं आहे ते मी बसलोय त्यात."

ते उठून उभे राहिले आणि बाकाकडे वळून पाहिलं. फळ्या किंचित वाकड्या, पिंपाच्या पोटासारख्या. त्यांच्यावर आडवे काळे पट्टे, जिथे लोखंडी कड्या बसायच्या. टेबलाच्या टोकाला दुसरं बाक होतं, तसंच. तिसरं फाटकाजवळ, येताना त्यांनी पाहिलंही नव्हतं. तीन बाकं.

धाकट्यांनी टाळी वाजवली. "ओळखलं! वहिनी, मी म्हटलं नव्हतं, दादाचं नाक अजून शाबूत आहे!"

"पहिल्याच दिवशी तिने ती तीन बाजूला काढली," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो अभिमान होता तो लेकीचा की नवऱ्याचा, तिचं तिलाच ठाऊक. "आम्हाला म्हणाली, बघ आई, बाबांनी जाता जाता शेवटचा खोटा पेला ठेवला. नुसतं भांडून नाही पाठवलं, परीक्षा घेऊन पाठवलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली."

"म्हणून तर आम्ही येत राहिलो," धाकटे म्हणाले. "नाहीतर दादा, खरं सांगतो, मी तुमच्याशी बोलणं टाकणार होतो."

"पण मोरीत ओतलेला माल?" थोरल्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "बुवा सांगत होते, पहिल्या वर्षी..."

"ती माझी चूक," नकटी म्हणाली. "उन्हाळ्यात टाकीला गारवा कमी पडला. पिंपात जायच्या आधीच बिघडला होता माल. पिंपांचा काही संबंध नाही."

थोरल्यांनी टेबलाला धरलं. नाही नासली. त्यांच्या हाताने पोरीचं काही नासलं नाही. आणि वर सगळं घर त्यांच्याकडे असं बघत होतं, की काय हा बाप, केवढा खोल माणूस! डॉक्टर तर डोळे पुसत होते. त्यात दोन ठिकाणच्या वाइनचा वाटा होता, पण तरी. आता फक्त जरा हसायचं, मिशीवरून हात फिरवायचा, आणि पाच वर्षांचा कलंक परीक्षा होऊन जाणार होता. कुणालाही कधीही कळलं नसतं.

"पिंपं दाखव," ते नकटीला म्हणाले. "आपण दोघंच जाऊ."

तळघर डोंगरात खोदलेलं होतं. आत गारवा. अकरा पिंपं दोन ओळींत. नऊ घरची, दोन तिने मागाहून घेतलेली. थोरल्यांनी पहिल्यावर पेर वाजवलं. भरलेलं. तिसऱ्यावर वाजवून थांबले.

"दोन बोटं कमी आहे."

"उद्या भरणार होते."

"नकटे." ते पिंपाकडेच तोंड करून उभे होते. "ती परीक्षा नव्हती."

तिने मागचं दार लोटून घेतलं.

"त्यांच्यावर फुल्या होत्या. तू यायच्या आधी मी त्या पुसल्या, ओल्या गोणपाटाने. मला वाटलं, चाललीस ना, मग तोंडघशी पड आणि परत ये. फक्त राग होता. दुसऱ्या दिवशी फोन उचलला आणि ठेवला. मग रोज ठेवत गेलो. वर ती सगळी मला शहाणा समजतायत. मी शहाणा नाही. मी तुझ्या अन्नात माती कालवायला निघालो होतो."

बोलून झालं. पाच वर्षं घशात अडकलेलं इतकं थोडंसंच होतं, हे बघून त्यांना नवल वाटलं.

"ठाऊक आहे," नकटी म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"नऊ पिंपांवर बोटभर धूळ होती आणि तीन पिंपांच्या तोंडावर हाताएवढी जागा चकचकीत. आणि खोटा पेला नेहमी एकच असायचा, बाबा. तुम्ही तीन दिलेत."

थोरले वळले. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. आजोबा पेले मांडून झाल्यावर जसे बघायचे, तशी बघत होती.

"मग घरात परीक्षा म्हणून का सांगितलंस?"

"काय सांगणार होते? काका तुमच्याशी एका टेबलावर बसले नसते. आणि आईला ते सांगायला माझी जीभ रेटली नसती. म्हटलं, परीक्षा म्हणावं. सगळ्यांना पटलं. कधीकधी मलाही पटायचं, बरं वाटायचं."

"रागावली होतीस?"

"दोन वर्षं. रोज सकाळी त्या बाकावर बसून चहा प्यायचे आणि तुम्हाला शिव्या घालायचे. मग एक दिवस चहा संपला, कप धुतला, आणि लक्षात आलं की आज शिव्या घालायच्या राहिल्याच." तिने नाक ओढलं. "पण फोन तुम्ही करायचा होता. तो मी करणार नव्हते."

"हो. मीच करायचा होता," थोरले म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. ते तिथेच एका उलट्या खोक्यावर बसले आणि लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डाग पडलेला, खरखरीत हात.

मग थोरल्यांच्या नजरेस आलं. "यांच्यावर खुणा कुठायत?"

"नाहीत."

"पाच वर्षांत एकाही पिंपावर नाही?"

"आपल्या हातच्या मालावर आपण खूण करायची नाही, घरातल्या दुसऱ्याने करायची. आजोबांचाच नियम ना?" ती म्हणाली. "काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, मी सगळ्यांवर गोल काढून देतो. त्याला काय अर्थ!" तिने कोनाड्यात हात घातला आणि खडू पुढे केला. अख्खा होता, न वापरलेला. नुसता पडून पडून कडेला पिवळट झाला होता.

थोरले उठले. एकेका पिंपाचं बूच काढत, नळीने घोटभर काढत, वास घेत, चाखत ते ओळीने पुढे गेले. घाई केली नाही. पहिल्यावर गोल. दुसऱ्यावर गोल. गोल वाकडे येत होते, पण गोलच. दहाव्यापर्यंत तेच. अकराव्याशी ते बराच वेळ थांबले, पुन्हा चाखलं, आणि खडू खाली घेतला.

"हे अजून तयार नाही. चार महिने राहू दे."

"का?"

"शेवट आखूड आहे याचा. खोटं नाही सांगणार."

नकटीचा चेहरा उजळला, दहा गोलांनी उजळला नव्हता एवढा. "मलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली. "विचारायला कुणी नव्हतं."

"चार महिन्यांनी येतो," थोरले म्हणाले. "त्याच्या आधीही येईन. पण याच्यासाठी म्हणून चार महिन्यांनी."

वर अंगणात मास्तर सोड्याला उताराची जमीन कशी तयार झाली ते समजावत होते आणि डॉक्टर खुर्चीत पेंगत होते. थोरल्यांनी सगळ्यांदेखत, उभ्याउभ्याच, सांगून टाकलं: परीक्षा वगैरे काही नव्हती, मी रागाने केलं होतं. धाकट्यांचं अंडं पुन्हा हातातच राहिलं. ते काही बोलायच्या आत नकटी म्हणाली, "काका, आमचं झालंय बोलून. तुम्ही जेवा." धाकट्यांनी भावाकडे खूप वेळ पाहिलं, एकदा पुतणीकडे पाहिलं, आणि मग मुकाट्याने पावाची ताटली थोरल्यांकडे सरकवली.

बायको बाकावर बसली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग बोटं पाहिली, खडूने पांढरी झालेली. सरकून तिने शेजारी जागा केली.

"हात धुऊन या," ती म्हणाली, "जेवायचंय."

"राहू दे जरा वेळ," थोरले म्हणाले आणि तिच्याजवळ बसले.